ऑर्किड मेलेलं नाही, ताणावर आहे

वाचकाचं पत्र (थोडं कापून):

ताई, नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मुलगा लष्करात आहे. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर येताना त्याने गंगटोकच्या एका नर्सरीतून डेंड्रोबियम नोबिल या ऑर्किडचं रोप आणलं. पहिल्याच वर्षी फेब्रुवारीअखेर त्याला जांभळी-पांढरी फुलं आली. शेजारीपाजारी बघायला आले. पावसाळ्यात दोन नव्या काड्या हातभर वाढल्या. पण यंदा दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळायला लागली. थंडी बाधली असेल म्हणून मी कुंडी हॉलमध्ये टीव्हीशेजारी आणून ठेवली आणि रोज पाणी घालायला लागले. आमचे हे दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या घरातले. त्यांनी बागेतलं १९:१९:१९ खत आणून दोनदा दिलं आणि गेल्या आठवड्यात पानं झडलेल्या दोन जुन्या काड्या कात्रीने उडवल्या. "वाळकी काडी ठेवून काय करायचंय?" म्हणाले. आता राहिलेल्या काड्यांवर कळ्यांऐवजी छोटी छोटी रोपंच फुटली आहेत. सासूबाई म्हणतात, बांडगूळच ते, घरात आणायचं नसतं.

मध्येच एक मैत्रीण म्हणाली, ऑर्किडचं पाणी हिवाळ्यात तोडायचं असतं. मुलाच्या रोपावर प्रयोग करायचा धीर झाला नाही, म्हणून गॅलरीतल्या फॅलेनॉप्सिसचं पाणी महिनाभर बंद केलं. त्याची पानं सुरकुतून लोंबायला लागलीत. आणि जूनमध्ये घेतलेलं केशरी फुलांचं हॅबेनारिया तर कुंडीतून गायबच झालंय, नुसती माती उरली आहे. मुलगा मार्चमध्ये येतोय. त्याला काय तोंड दाखवू? मी सटाण्याची, डाळिंबात वाढले, पण ही झाडं काही मला उमगत नाहीत.

उत्तर:

ताई, सटाण्याच्या आहात हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत, ते पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. माझं निम्मं काम तिथेच झालं असतं. डाळिंबाचा आंबे बहार धरायचा असला की तुमचे वडील-भाऊ काय करायचे ते आठवा. महिना-दीड महिना बागेचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडायची, गळायची, बाग उजाड दिसायची. नवी नवरी घरात आलेली असली तर तिला वाटायचं, सासरची बाग वाळून चालली आणि कोणाला त्याचं काहीच नाही. मग पाणी सोडलं की आठ-पंधरा दिवसांत झाड पालवीनं आणि कळीनं लगडायचं. याला आपल्याकडे 'ताण देणे' म्हणतात. तुमचं नोबिल दिवाळीपासून तोच ताण मागत होतं. फरक इतकाच, की डाळिंबाला ताण आपण देतो, नोबिल तो स्वतःहून घेतं.

आणि त्याच वेळी तुम्ही दोघांनी मिळून त्याला पाणी, खत आणि ऊब असं तिन्ही दिलंत. रागावून लिहीत नाहीये. घरात कोणी आजारी पडलं तर आपण हेच करतो. पण झाड आजारी नव्हतं, झोपायच्या तयारीत होतं. झोपायला निघालेल्या माणसाला ताटावर बसवलं तर ते जेवतं खरं, पण मग झोप होत नाही. त्या काड्यांवर फुटलेली रोपं म्हणजे हेच झालं आहे.

हे जरा नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

नोबिल हे सिक्कीमचं राज्यफूल. हिमालयाच्या पायथ्यापासून मधल्या उंचीपर्यंतच्या जंगलांत ते झाडांच्या फांद्यांवर वाढतं. डेंड्रोबियम या नावाचा अर्थच मुळी झाडावर जगणारं असा. तिकडे जूनपासून धो धो पाऊस. त्या चार महिन्यांत नवी काडी फुटायची, वाढायची आणि पाणी साठवून जाड व्हायची. पाऊस गेला की आकाश मोकळं, दिवसा ऊन, रात्री कडक थंडी. ज्या झाडावर ते बसलेलं असतं त्यांपैकी बऱ्याच झाडांची पानं याच दिवसांत झडतात, म्हणजे डोक्यावरची सावलीही जाते. पावसाचा थेंब नाही, मुळांना मिळालं तर दव. अशा वेळी पानं सांभाळणं झाडाला परवडत नाही. ते पानं टाकून देतं आणि काडीतल्या साठ्यावर बसून राहतं. थंडीतल्या या बसून राहण्यातच काडीच्या पेरांवर कळीचं ठरतं. दीड-दोन महिन्यांनी ऊन तापायला लागलं की त्याच उघड्याबोडक्या काड्यांवर जोडीजोडीनं फुलं येतात.

यात नवल वाटावं असं काही नाही. आपल्याकडचा पळस, पांगारा, काटेसावर यांची पानं झडल्यावरच फुलं येतात. देवळाच्या आवारातला देवचाफा या दिवसांत नुसता हाडांचा सापळा दिसतो, पण त्याला कोणी टीव्हीशेजारी नेऊन ठेवत नाही.

आता त्या रोपांबद्दल. नोबिलच्या काडीवर प्रत्येक पेराशी एक डोळा असतो. त्या डोळ्यातून फूलही येऊ शकतं आणि रोपही. थंड, कोरडं आणि उपाशी ठेवलं तर फूल. उबदार, ओलं आणि वर नत्र मिळालं तर रोप. डोळ्याच्या बाजूने विचार करा: पाणी आहे, खत आहे, गारवा नाही, म्हणजे अजून पावसाळाच चालू आहे, मग फुलायची घाई कशाला? तुमच्या घरी त्याने हाच हिशेब केला. या रोपांना आम्ही बागवेडी मंडळी पिल्लं म्हणतो. पिल्लं वाईट नव्हेत. एका रोपाची चार रोपं होतात. पण ज्या पेरावर पिल्लू आलं तिथे यंदा फूल नाही, हे मनाशी धरून चाला.

तर आता काय करायचं? आज संक्रांत होऊन आठवडा झालाय. नाशिकची खरी थंडी अजून शिल्लक आहे आणि ती वाया घालवू नका. कुंडी टीव्हीशेजारून उचला आणि गॅलरीत न्या. गॅलरी पूर्वेची किंवा दक्षिणेची असेल तर उत्तम. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं. एरवी मे महिन्यात जिथे सावली असते तिथे आता सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत छान ऊन असेल. तीच जागा. हॉलमधून एकदम कडक उन्हात मात्र नेऊ नका. पहिले चार दिवस जाळीच्या पडद्याआड, मग उघड्यावर.

रोजचं पाणी आजपासून बंद. दहा-बारा दिवसांतून एकदा, तेही सकाळी, वाटीभर. संध्याकाळच्या आत कुंडी कोरडी झाली पाहिजे. नोबिलला थंडी मानवते आणि कोरडेपणाही मानवतो. न मानवणारी एकच गोष्ट, रात्रीच्या थंडीत ओली मुळं. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी आली की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात. तशा दोन-चार रात्री कुंडी गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवा, बास. रात्री दहा ते पंधरा अंश हेच तर त्याला हवं असतं. मुंबईत समुद्राकाठी नोबिल फुलवायला लोक काय काय खटपटी करतात, कारण तिथे रात्र पुरेशी गार होत नाही. आपण सहाशे मीटर उंचीवर राहतो, आपल्याला ही थंडी फुकट मिळते, आणि तुम्ही दारं लावून बसलात!

पाणी कमी केल्यावर काड्यांवर उभ्या बारीक सुरकुत्या येतील. त्या बघून तुमचा हात पाण्याच्या तांब्याकडे जाईल, हे मी आत्ताच सांगून ठेवते. जाऊ देऊ नका. काडी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबून बघा. सुरकुतलेली पण टणक लागली, तर ठीक आहे. दाबली जाऊन पिचपिच करायला लागली, रंग तपकिरी झाला, वास आला, तर ती सडतेय आणि तिथे पाण्याचा उपयोग नाही, उलट अपायच आहे. पानांचंही असंच. पान खालून वर, क्रमाने, हळदीसारखं पिवळं होऊन कोरडं गळत असेल तर झाड आपली आवराआवर करतंय. पानावर पाण्यात भिजल्यासारखे काळे डाग येऊन ते पसरत असतील, तेही नव्या कोवळ्या फुटीवर, तर मात्र घाबरायचं.

काडीवर पांढरट पातळ साल राहिलेली असेल, लसणीच्या सालीसारखी. ती पानांच्या देठांची आवरणं. ती सोलत बसू नका. त्याच्या आतच पेरावरचा डोळा असतो आणि नखाने साल काढताना तोच खुडला जातो. रोज सकाळी चहाचा कप घेऊन, चष्मा लावून, नुसतं बघा. एखाद्या पेरावर मोहरीएवढा फुगवटा दिसेल. तो गोलसर, बोथट असून काडीपासून बाहेरच्या बाजूला निघत असेल तर कळी. टोकदार, जरा चपटा आणि काडीला धरून वर चढत असेल तर पिल्लू. पहिला आठवडा-दोन आठवडे मलाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून नियम असा, की फुगवटा दिसला म्हणून पाणी वाढवायचं नाही. कळी म्हणून पक्की ओळखू आली, वाटाण्याएवढी झाली, की मग हळूहळू वाढवायचं. सगळ्यात जास्त कळ्या याच घाईत वाया जातात: फुगवटा दिसला, आनंदाने तांब्याभर पाणी घातलं, आणि कळीचं पिल्लू झालं.

यंदा किती फुलं येतील? खोटी आशा दाखवत नाही. ज्या पेरांवर अजून काहीच फुटलेलं नाही त्यांपैकी काहींवर, थंडी मिळाली तर, मार्चमध्ये फुलं येऊ शकतात. दोन-चार आली तरी मुलाला कौतुकच वाटेल. बहर पुढच्या वर्षी.

पिल्लांना आत्ता हात लावू नका. आईच्या काडीवरच राहू द्या. त्यांना स्वतःची मुळं फुटतील. ती बोटाच्या दोन पेरांएवढी लांब झाली की, साधारण जूनच्या पहिल्या पावसाच्या सुमारास, काडीचा छोटा तुकडा ठेवून कापून वेगळी करायची. छोट्या मातीच्या कुंडीत लोणारी कोळशाचे आणि विटेचे सुपारीएवढे तुकडे, वर थोडी नारळाची सोडणं. कोकोपीट भरू नका. ते पाणी धरून ठेवतं आणि ही मुळं हवेवर जगणारी आहेत. आईची कुंडी बदलायची असेल तर तीही आत्ता नाही. नवे कोंब आणि नवी मुळं दिसायला लागली की, मार्च-एप्रिलमध्ये.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. त्यांना नमस्कार सांगा आणि सांगा की कात्री बागेपुरती ठेवा. त्यांची चूक कशी झाली ते मला नीट समजतं. द्राक्षाची वेल आपल्या हवेत आपणहून पुरती झोपत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावी लागते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. जिथे कात्री लागते तिथून नवी फूट येते. ज्याचं अख्खं लहानपण अशा बागेत गेलं त्याला पानं नसलेली काडी दिसली की हात शिवशिवणारच. पण नोबिलची पानं झडलेली काडी वाळकी नसते. ती झाडाची कोठी असते. नव्या काडीला पहिले दोन-तीन महिने लागणारं पाणी आणि अन्न तीच पुरवते, शिवाय तिच्यावर न फुललेले डोळे असले तर दुसऱ्या वर्षीही फुलते. पूर्ण आक्रसून, तपकिरी होऊन, वाळक्या तुरखाटीसारखी वाजायला लागली की मगच काढायची.

एक गोष्ट मात्र ते माझ्यापेक्षा चांगली सांगतील: काडी पिकणे. द्राक्षाची काडी पिकली नाही तर त्यातून माल निघत नाही, हे त्यांना वेगळं सांगायला नको. नोबिलचंही तेच. पावसाळ्यात वाढलेली हिरवी लुसलुशीत काडी ऑक्टोबरपर्यंत टणक, फुगीर, पिवळसर झाली पाहिजे. टोकाला शेवटचं पान येऊन वाढ थांबली पाहिजे. तोवर नत्र चालू ठेवलं तर काडी वाढतच राहते, पिकत नाही, आणि थंडी आली तरी तिच्यात फुलायचा दम नसतो. म्हणून खताचं वेळापत्रक मी सणांवर बांधलं आहे, म्हणजे लक्षात राहतं. नव्या कोंबांना मुळं दिसू लागल्यापासून आठवड्यातून एकदा १९:१९:१९, लिटरला फक्त अर्धा ग्रॅम. बागेत मारतात त्या मात्रेत नव्हे! गणपती बसले की नत्र बंद. त्यानंतर घरात ०:५२:३४ हे बिननत्राचं खत पडलेलं असेल, आणि द्राक्षवाल्यांच्या घरात ते असतंच, तर तेवढ्याच सौम्य मात्रेत दोनदा द्यायला हरकत नाही. नाही दिलं तरी काही अडत नाही. दसऱ्यापासून पाणी कमी. दिवाळीची पणती गॅलरीत लागली की वाटीभरावर. होळीच्या आसपास कळ्या उमलल्या की पुन्हा थोडं वाढवायचं आणि फुलं उतरल्यावर नवे कोंब आले की भरपूर.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचं ऊन चाळिशीला टेकतं आणि हवा अगदी कोरडी होते. तेव्हा हिरव्या जाळीची सावली, रोज सकाळी पाणी, आणि कुंडीखाली ताटात खडी घालून त्यात पाणी. बोअरचं पाणी असेल तर कुंडीच्या बाहेरून पांढरे क्षार धरतात आणि मुळांची टोकं काळी पडतात. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवा, नाहीतर नळाचं वापरा.

सासूबाईंच्या बांडगुळाबद्दल दोन शब्द. त्यांचा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मुळं खुपसून त्याचा रस पितं. ऑर्किड फांदीवर नुसतं बसतं, भाडं न देणाऱ्या पण घरचं काही न खाणाऱ्या बिऱ्हाडकरूसारखं. त्याची मुळं बाहेरून फांदीला धरून असतात, आत शिरत नाहीत. पावसाचं पाणी, सालीत अडकलेला पाला, धूळ यावर ते भागवतं. सह्याद्रीत आंब्या-फणसांच्या फांद्यांवरून लोंबणारी सीतेची वेणी त्यांनी लहानपणी पाहिली असेल तर ते ऑर्किडच. नाव सीतेचं आणि घर पंचवटीच्या गावात, मग तक्रार कसली, असं विचारून बघा.

फॅलेनॉप्सिसचं मात्र तातडीने करा. मैत्रिणीचा सल्ला नोबिलसाठी बरोबर होता, फॅलेनॉप्सिससाठी घातक. सगळ्याच ऑर्किडना झोप लागत नाही. याला काडीच नाही, म्हणजे कोठी नाही. जे काही पाणी असेल ते पानांत आणि मुळांत. आग्नेय आशियातल्या बारमाही दमट जंगलांचं हे झाड, त्याला ताण ही गोष्टच माहीत नाही. अलगद कुंडीतून काढा. मुळं बघा: टणक आणि रुपेरी असतील ती जिवंत. दाबल्यावर साल सुटून आतला दोरा हाताला येतो ती मेलेली, ती स्वच्छ कात्रीने कापा. (कात्री हातात घ्यायची इथे मुभा आहे.) मग कोमट पाण्यात मुळं वीसेक मिनिटं बुडवून ठेवा. पाणी शोषलं की रुपेरी मुळं डोळ्यांदेखत हिरवी होतात, बघण्यासारखं असतं ते. परत कुंडीत लावा, पानांच्या मधल्या खळग्यात पाणी साचू देऊ नका, आणि हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीत पडद्याआड ठेवा. नाशिकची दहा अंशांची रात्र त्याला सोसत नाही. आठवड्यातून एकदा पाणी. सुरकुतलेली पानं पुन्हा पहिल्यासारखी ताठ होतीलच असं नाही, पण पुढचं पान ताठ आलं की समजायचं, वाचलं.

लग्नाच्या गुच्छात असतं ते जांभळं डेंड्रोबियम, सोनिया म्हणून मिळतं, ते कधी आणलंत तर त्यालाही कडक ताण देऊ नका. ओळख सोपी आहे. नोबिलची फुलं काडीच्या अंगावर पेरापेराशी येतात, सोनियाची काडीच्या टोकातून निघालेल्या लांब दांड्यावर. ते हिरवंच राहतं, हिवाळ्यात पाणी थोडं कमी केलं की पुरे.

राहिलं गायब झालेलं हॅबेनारिया. कुंडी फेकली नाहीत ना? हे जमिनीतलं ऑर्किड. पावसाळ्यात वर यायचं, फुलायचं, आणि थंडीच्या आधी वरचं सगळं टाकून मातीखाली कंद होऊन पडून राहायचं, हा त्याचा दरवर्षीचा शिरस्ता. त्याची आपल्याकडची भावंडं श्रावणात ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला गेलात तर गवतात दिसतील, पांढरी, हिरवट. अंजनेरीच्या पठारावरही पावसाळ्यातली अशी कंदवाली मंडळी पुष्कळ आहेत. (तिथून उकरून आणायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडून या. ते राखीव क्षेत्र आहे, आणि ते कंद कुंडीत जगतही नाहीत.) दिवाळीनंतर जाल तर सगळं वाळलेलं गवत, आणि कोणाला सांगून पटणार नाही की खाली इतकं काही झोपलं आहे.

मी हा धडा मेथीत शिकले. माझं पहिलं हॅबेनारिया असंच नाहीसं झालं. मला वाटलं गेलं. कुंडी रिकामी कशाला ठेवायची म्हणून तिच्यात मेथी पेरली, मेथीला रोज पाणी घातलं, दोन वेळा भाजी झाली. मार्चमध्ये माती उपसली तर हरभऱ्याहून थोडे मोठे, काळे पडलेले, बोटात धरताच फुटणारे तीन-चार गोळे निघाले. पिंपळगावच्या बाजूला माझी आत्या राहायची, तिच्याकडे कांद्याची चाळ होती. ती हे ऐकून म्हणाली, "अगं, चाळीतल्या कांद्यावर कोणी पाणी शिंपतं का?" तेव्हापासून मी ती कुंडी कांदा समजूनच ठेवते: सावलीत, हवेशीर, कोरडी. जिन्याखाली किंवा ओट्याखालच्या कप्प्यात, उंदीर पोचणार नाहीत अशा जागी. फक्त होळीनंतर उकाडा वाढला की तीन आठवड्यांनी एकदा कडेने दोन चमचे पाणी, कंद पार सुकून जाऊ नये म्हणून. मे-जूनमध्ये मातीतून हिरवं टोक दिसेपर्यंत त्याहून जास्त नाही. टोक दिसलं की पानांच्या मधोमध पाणी न साचवता सुरुवात करा. आणि कुंडीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा, "आत कंद आहे". सासूबाईंसाठी, यजमानांसाठी, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीही. एप्रिलपर्यंत आपणच विसरतो.

मुलगा मार्चमध्ये आला की त्याला नोबिलवरची पिल्लं दाखवा. तुकडी जिथे जाईल तिथे कुंडी घेऊन फिरता येत नाही, पण एक पिल्लू पावसाळ्यात वेगळं करून त्याच्या नावाने वाढवता येईल. आणि हो, यजमानांनी उडवलेल्या त्या दोन काड्या. कचऱ्यात गेल्या नसतील आणि अजून टणक, हिरवट असतील तर शोधून काढा. मिठाईचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला भिजवून पिळलेलं स्फॅग्नम शेवाळ पसरा, त्यावर काड्या आडव्या ठेवा आणि झाकण जरासं उघडं ठेवून द्या. शेवाळ सुकलं की हाताने पाणी शिंपडायचं. दोन-तीन महिन्यांत न फुललेल्या डोळ्यांतून रोपं फुटतील. यांना थंडी नको, ऊब हवी. टीव्हीशेजारची जागा आता रिकामी झालीच आहे, तिथे ठेवा. आणि शिंपडायचं काम यजमानांकडे द्या.